टाळीच्या आधीचं वाक्य

बातमी आली तेव्हा त्याच्या कानात तिचाच आवाज होता.

दुपार होती. मागच्या खोलीत टेबलाशी बसून, हेडफोन घालून, तो तिने आदल्या दिवशी केलेलं वाचन साफ करत होता. ती पेन्सिली आणायला बाहेर गेली होती. पुढच्या खोलीत फोन वाजून वाजून दमला, थांबला, परत वाजायला लागला. याला पत्ता नाही. याच्या कानात बायको सांगत होती की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांमधून सभा स्थापन झाल्या, सभांनी ठराव केले, ठरावांचे अर्ज झाले आणि अर्ज सरकारकडे गेले.

खांद्यावर हात पडला. मेहुणी होती. ती पलीकडच्याच गल्लीत राहायची आणि दार न वाजवता आत यायची. त्याने वळून न बघताच एक हात वर केला. वाक्य संपल्याशिवाय मशीन थांबवायचं नाही, असा त्या खोलीचा कायदा होता. वाक्य संपल्यावर त्याने हेडफोनचा एक कान बाजूला सारला.

"भाऊजी, ताई दुकानात पडली," मेहुणी म्हणाली. "लोकांनी दवाखान्यात नेलं. तुम्हाला फोन करून थकले, मग मला केला. पण ती वाटेतच... भाऊजी, ताई नाही आता."

"कोण?"

"ताई."

"काहीतरी घोळ झालाय," तो म्हणाला. "ती वाचतेय." आणि त्याने मोकळा झालेला कान तिच्यापुढे धरला, ऐक म्हणून.

मेहुणीने हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला. मशीन चालूच होतं. डबीत कोंडल्यासारखा बारीक आवाज येत राहिला. सभा, ठराव, अर्ज. दोघं घराबाहेर पडली तरी तो चालू होता. संध्याकाळी शेजाऱ्यांपैकी कुणीतरी बंद केला.

जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. ती शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून सगळ्यांची बाई होती. चारचौघांत तोही तिला बाईच म्हणायचा. दोघंही निवृत्त झाली, पण तिला गप्प बसवेना. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक संस्था होती. तिथे तिने नाव घातलं आणि घरूनच वाचते म्हणाली, कारण संस्थेच्या खोलीतला पंखा घरघरायचा. मग यालाही काम मिळालं. मागच्या खोलीतली अडगळीची कोठी रिकामी करून त्याने आतून जुन्या रजया ठोकल्या, माइक टांगला, आणि वायर बाहेर ओढून लेकीने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरला जोडली. कोठीत एक माणूस जेमतेम मावायचा. बऱ्याच वेळाने ती घामाघूम होऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "अहो, राज्य त्यांनी केलं, घाम मला फुटला."

कामाची पद्धत दोघांनी मिळून बसवली होती. वाचताना चूक झाली तर ती मशीन थांबवत नसे. एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून परत वाचायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा दिसतो. त्यात टाळी म्हणजे एकदम उभा खांब. याने तो खांब शोधायचा, तिथून मागे यायचं, दोन वाक्यांच्या मधली सपाट जागा दिसली की तिथे थांबायचं, आणि तिथपासून खांबापर्यंतचं सगळं कापून टाकायचं. म्हणजे चुकलेलं वाक्य जातं आणि सुधारलेलं राहतं. काम झालं की मूळ फाइल पुसायची, कारण कॉम्प्युटर म्हातारा होता आणि त्याच्या पोटात जागा नव्हती.

या कामात त्याचा हात इतका बसला होता की कानात इतिहास चालू असायचा आणि डोकं खांब शोधत असायचं. लिफ्टच्या यंत्राशी खटपट करताना खालच्या डब्यात कोण माणसं उभी आहेत हे त्याने कधी बघितलं नव्हतं, तसंच हे. ती कोठीतून बाहेर येऊन विचारायची, "कसं वाटलं आजचं?" हा म्हणायचा, "स्वच्छ आलंय."

सध्याचं पुस्तक ऑपरेटरसाठी चाललं होतं. ऑपरेटर म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टेलिफोनवर बसणारा माणूस, चाळिशीतला, जन्मापासून दृष्टी नाही. नोकरी सांभाळून तो इतिहासात एम.ए. करत होता. त्याचा एक पेपर होता हिंदुस्थानातल्या राष्ट्रवादाच्या सुरुवातीच्या वाढीवर. परीक्षा त्याची होती, पण हातघाईवर आली होती ही. रोज संध्याकाळी दोघं फोनवर वाद घालायची. हा शेजारी बसून चहा प्यायचा आणि आपल्या डोक्यावरून काय काय चाललंय ते जाऊ द्यायचा.

ती गेल्यावर माणसं आली, बसली, गेली. लेक येऊन राहिली, "बाबा, माझ्याकडे चला" म्हणून म्हणून थकली आणि परत गेली. ऑपरेटरचा फोन आला. "काका, काही लागलं तर सांगा," म्हणाला आणि मग नुसताच श्वास ऐकू येत राहिला. शेवटी "बरं, ठेवतो" म्हणाला.

"तो तोंड उघडायचा नाही," मेहुणी म्हणाली. ती आता रोज डबा घेऊन यायची आणि तो संपेपर्यंत समोर बसायची. "परीक्षा तोंडावर आलीय त्याची. ताईचं जेवढं वाचून झालंय तेवढं तरी द्या."

"देतो."

"देतो देतो करत बसू नका."

तो टेबलाशी बसला. हेडफोन चढवला, मशीन चालू केलं. तिने घसा साफ केला आणि नेहमीसारखी म्हणाली, "हं, चालू." त्याने हेडफोन काढला. बाहेर जाऊन पाणी प्यायला, परत येऊन बसला. परत तेच झालं. तेव्हा त्याने आवाज अगदी तळाला नेला, पार बंद, आणि नुसता पडदा बघून काम केलं. खांब दिसला की मागे यायचं, सपाट जागा दिसली की कापायचं. त्यासाठी काही ऐकावं लागत नाही. एका बैठकीत सगळं वाचन साफ झालं. फाइल ऑपरेटरला पाठवली, मूळ पुसलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला स्वस्थ झोप लागली.

ऑपरेटरचा फोन लगेचच आला.

"काका, ऐकलं सगळं. एक विचारू का? बाई मधेच पुस्तक सोडून बोलल्यात."

"चुकून राहिलं असेल काहीतरी."

"चुकून नाही. बाई भांडल्यात पुस्तकाशी. चांगलं फैलावर घेतलंय त्याला. पण शेवट नाही त्याला. 'मला विचाराल तर' असं म्हणतात, आणि धाडकन पुढचा परिच्छेद. तुम्हाला आठवतंय का, पुढे काय होतं?"

"मी ऐकलं नाही ते."

"म्हणजे? कापलं तर तुम्हीच ना?"

"आवाज बंद करून कापलं."

"मग असं करा काका," ऑपरेटर म्हणाला, "उद्या इकडे या."

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टेलिफोनची खोली जिन्याखाली होती. छत तिरकं, त्यामुळे उंच माणसाला एकाच बाजूला उभं राहता यायचं. टेबलावर बटणांची पाटी, भिंतीला एक बंद घड्याळ, जे बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण बघणारं कुणी नव्हतं. ऑपरेटरने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. डोकं सांभाळा. इथे साहेब लोक आले की आपोआप वाकतात."

त्याने खिशातलं ऐकायचं यंत्र काढलं; वाचन नेमक्या त्या जागी आणून ठेवलं होतं. बटण दाबलं, आणि तिरक्या छताखाली बाई बोलायला लागली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याने तिला 'हं, चालू'च्या पुढे ऐकलं. तो खुर्चीच्या कडेला धरून बसला.

आधी तिचा पुस्तक वाचायचा आवाज होता, शाळेतला. "हे पुढारी आपल्या अर्जांत सरकारच्या न्यायबुद्धीची स्तुती करत. त्यांची भाषा आर्जवी होती. सामान्य जनतेशी त्यांचा संबंध नव्हता. त्यामुळे आरंभीच्या या राष्ट्रवादाला मूठभर सुशिक्षितांची तक्रार यापलीकडे फारसा अर्थ नाही."

मग थोडं थांबून दुसरा आवाज, घरातला, भाजी चिरताना बोलायची तो. "हे मी वाचलं, कारण छापलंय. पण मला पटत नाही. अर्ज करणारा माणूस घाबरटच असतो असं कुणी सांगितलं? अर्ज लिहायला बसलं की आधी ठरवावं लागतं, आपल्याला हवंय काय. आणि आपण म्हणजे कोण. या टोकाच्या वकिलाने त्या टोकाच्या मास्तराला जन्मात बघितलं नव्हतं, आणि दोघं एकाच कागदाखाली सही करायला लागले. ही काय लहान गोष्ट झाली?" परत थांबणं. कागदाची सळसळ. "पण दुष्काळात माणसं रस्त्यावर मरत होती, तेव्हा सरकारी नोकरीच्या परीक्षेला वय किती असावं यावर यांची भाषणं चालली होती. तेही छापलंय, तेही खरं. मग त्या सह्यांमध्ये ती माणसं होती का? का सही करता येणारेच फक्त? मला विचाराल तर"

आणि लगेच शाळेतला आवाज: "वर्तमानपत्रांच्या वाढीमुळे या चळवळीला"

ऑपरेटरने यंत्र थांबवलं.

"परत लाव," हा म्हणाला.

परत लावलं. तेवढ्यात पाटीवरची घंटा वाजली. "पाणीपुरवठा. हो. नाही येत? कालपासून? अर्ज द्या साहेब, लेखी अर्ज लागतो. तोंडी घेत नाहीत. हो, माझाही नाइलाज आहे. जोडतो." बटण दाबून तो म्हणाला, "हां काका. आता सांगा, टाळी कुठे होती?"

"जिथे तुटतंय तिथे. म्हणजे त्याच्या पुढे कुठेतरी. मी टाळीपासून मागे आलो, ती 'मला विचाराल तर' म्हणून थांबली असणार, तिथे सपाट दिसलं, मी कापलं."

"म्हणजे टाळीच्या आधीचं वाक्य गेलं."

"गेलं."

"पण बाईंनी टाळी दिली म्हणजे त्यांना ते नकोच होतं ना? वाचणाऱ्याने आपलं काही घालायचं नाही, असा संस्थेचा नियमच आहे. बाईंना वाटलं असेल, बोलून तर गेले, आता हे सगळंच काढा. तुम्ही फक्त शेपूट काढलं."

"सगळं काढायचं असतं तर पुस्तकातलं वाक्य परत वाचलं असतं तिने. वाचलंच नाही."

"मग फक्त शेवटचं वाक्य चुकलं असं वाटलं असेल."

"मग ते सुधारून परत म्हणाली असती."

"तेही म्हटलं नाही." ऑपरेटरने कपाळ चोळलं. "मग टाळी कसली होती, काका?"

त्याने बराच विचार केला. "कोठीत डास असतात," तो म्हणाला. "कधी कधी ती डासही मारायची."

ऑपरेटर हसायला लागला, मग याचं काय चाललंय ते कळेना म्हणून थांबला, मग दोघंही हसले, आणि मग पुन्हा घंटा वाजली.

फोन आटोपल्यावर ऑपरेटर म्हणाला, "हा प्रश्न फिरून फिरून येतो हो. 'आरंभीचा राष्ट्रवाद मूठभरांपुरता होता, चर्चा करा.' मला पुस्तकाचं उत्तर माहितेय. मला बाईंचं लिहायचं होतं. आणि बाईंचं काय होतं तेच कळेना. पहिलं ऐकलं की वाटतं, त्या अर्जवाल्यांच्या बाजूच्या आहेत. दुसरं ऐकलं की वाटतं, नाहीत. त्यात दुष्काळावरही त्या लोकांनी अर्ज केले होते, मागच्याच धड्यात आहे. बाईंनीच वाचलंय. मग असं का म्हणाल्या?"

"रागात असेल."

"कुणाच्या?"



पुसलेली मूळ फाइल परत मिळते का बघायला तो कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने उघडून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला की पुसलेल्या जागेवर दुसरं काही बसलं की खालचं निघत नाही, आणि इथे तर बसायला जागाच नव्हती, म्हणून जे आलं ते तिथेच बसलं. तो कॉम्प्युटर परत उचलून घरी आला.

मेहुणीला त्याने सगळं सांगितलं. ती डबा उघडत होती, थांबली नाही.

"त्यात विचारायचं काय? ताईला ते लोक आवडायचे नाहीत. तोंडात साखर आणि हातात कागद, असं म्हणायची."

"कधी म्हणाली?"

"कितीदा तरी."

"ते तूच म्हणायचीस. ती तुझ्याशी भांडायची त्यावर. मी ऐकलंय, इथेच."

"तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?" मेहुणी म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. ती भात वाढताना म्हणाली, "ती समोरच्याच्या उलट बोलायची, भाऊजी. मी एक म्हटलं की ती दुसरं. पुस्तकाने दुसरं म्हटलं की ती पहिलं. तिचं स्वतःचं काय, ते मलाही नाही सांगता यायचं. जेवा."

तो जेवला. पण आता डोक्यात भुंगा लागला होता. दुपारी त्याने ते जाड पुस्तक काढलं. कडेला तिच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, कुठे श्वास घ्यायचा त्याच्या. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. शाळा सोडल्यापासून एवढं मोठं पुस्तक त्याने हातात धरलं नव्हतं, दुरुस्तीची माहितीपत्रकं सोडली तर. एक पान वाचायचं, मागे जायचं, परत वाचायचं. राणीचं भलं चिंतायचं आणि त्याच कागदात राणीच्या माणसांची तक्रार करायची, हे लोक नक्की कुणीकडचे, हे त्याला समजेना. त्यांना राज्य हवं होतं का? तर तेही नाही. निदान तसं लिहीत तरी नव्हते. राज्यात जागा हवी होती. मग राष्ट्रवाद कुठून आला?

आणि मग त्याला आपल्याच लोकांचा अर्ज आठवला. लिफ्ट कंपनीत असताना केलेला. एक माणूस लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरतो तेव्हा वर यंत्राजवळ दुसरा माणूस उभा असायलाच हवा, एवढीच मागणी होती. एक जण चिरडला गेला होता, त्यानंतरची. अर्जाच्या वरच्या बाजूला साहेबांची तारीफ होती, खाली 'आपले आज्ञाधारक' होतं, आणि मधे सह्या करताना प्रत्येकाचं डोकं तापलेलं होतं. आर्जवी भाषा होती, पण घाबरट त्यात कुणी नव्हतं. ज्या दुसऱ्या डेपोच्या लोकांची त्यांनी कधी तोंडं पाहिली नव्हती, त्यांनीही सह्या करून पाठवल्या. त्या दिवसानंतर दुसऱ्या डेपोत काही झालं की इकडे विचारपूस व्हायची.

म्हणजे बाईचं पहिलं म्हणणं खरं होतं. त्याला हुरूप आला. तो उठून फोनकडे गेला, ऑपरेटरला सांगायला, आणि फोनवर हात ठेवून तिथेच थांबला. लिफ्टच्या खड्ड्यात कचरा साफ करायला बायका उतरायच्या. त्यांच्यासाठी वर माणूस उभा असायचा का? नसायचा. त्यांचं नाव अर्जात होतं का? नव्हतं. कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्याच्याही नाही.

म्हणजे तिचं दुसरं म्हणणंही खरं होतं. तो परत येऊन पुस्तकापुढे बसला. आता तर सगळाच गुंता झाला.

धडा अजून पुरा नव्हता. शेवटची पानं तिने वाचलीच नव्हती, आणि ऑपरेटरला ती हवी होती. तेव्हा मेहुणीच्या टोचणीवरून तो दुपारच्या सुट्टीत पुस्तक घेऊन जिन्याखाली जायला लागला. ऑपरेटर डबा खायचा, हा वाचायचा. रेकॉर्ड वगैरे काही नाही, नुसतं समोर बसून. वाचताना अडखळायचा, ओळ सुटायची, बोट ठेवून शोधायचा.

"काका, स्वल्पविरामाला थांबा. तुम्ही सरळ वरच्या मजल्यावर जाता."

"बरं."

"आणि टाळी वाजवू नका मधेच. मी दचकतो."

"सवयीने झालं."

थोडा वेळ नीट चाललं. वर्तमानपत्रांचं झालं, गोऱ्या माणसाचा खटला काळ्या न्यायाधीशापुढे चालावा की नाही या भांडणाचं झालं. गोऱ्यांनी किती आरडाओरडा केला आणि कायदा कसा बदलून घेतला, ते वाचताना हा थांबला.

"म्हणजे बघ, यांनी आर्जवं केली आणि काही मिळालं नाही. त्यांनी आरडाओरडा केला आणि मिळालं. मग हे त्यांच्याकडून शिकले की काय, सगळ्यांनी एक होऊन ओरडायचं?"

"काका, पुस्तक वाचा."

"वाचतोच आहे. पण पुस्तक म्हणतं, शिक्षणाने एक झाले. मला वाटतं, अपमानाने झाले."

"काल तुम्ही म्हणालात, अर्जाने झाले."

"काल म्हणालो होतो."

"आणि परवा म्हणालात, झालेच नव्हते."

"ते अजूनही वाटतं," तो म्हणाला.

ऑपरेटरने हातातला घास तसाच धरला. "रेल्वे आणि टपालाचं काय मग? ते तर राहिलंच."

"रेल्वे त्यांनी त्यांच्या मालासाठी टाकली. माणसं त्यात बसली, आता त्याला ते काय करणार?" मग जरा थांबून म्हणाला, "पण टाकली नसती तर भेटली नसती."

"बाईंशी बोलतोय असंच वाटतंय," ऑपरेटर म्हणाला. "एवढंच की बाई जरा लवकर मुद्द्यावर यायच्या."

पानं संपली. तरी तो जात राहिला, मागचं परत वाचायला. दर वेळी ऑपरेटर सुरुवातीलाच विचारायचा, "लागलं का काही?" म्हणजे ते वाक्य. बाई काय म्हणाली असेल, त्याचा रोज एक नवा अंदाज याच्याकडे तयार असायचा आणि जिन्याखालची तिरकी खोली येईपर्यंत तो त्यालाच पटेनासा व्हायचा. एकदा त्याने एक वाक्य बोलूनही दाखवलं, "मला विचाराल तर" पासून पुढे, तिच्यासारखं. दोघांनी ते थोडा वेळ तोलून बघितलं. "नाही," ऑपरेटर म्हणाला. "हे तुमचं आहे. चांगलंय, पण तुमचं आहे." तोही म्हणाला, "हो, तिचं नाही." तिचं काय नाही हे कळत होतं, एवढंच.

परीक्षा झाली. ऑपरेटरचा फोन आला तेव्हा मेहुणी तिथेच होती. तिने याला ढोसलं, विचारा विचारा म्हणून.

"आला होता का प्रश्न?"

"आला होता. शब्दाला शब्द."

"मग?"

"लिहून घ्यायला एक मुलगी दिली होती. तिला आधी बाईंचं पहिलं सांगितलं, मग दुसरं सांगितलं. तुमचा लिफ्टचा अर्जही सांगणार होतो, पण ती म्हणाली, हे इतिहासात येत नाही. मग म्हणाली, निष्कर्ष काय? मी म्हटलं, थांबा. ती थांबली. वेळ चाललेला. शेवटी मी पुस्तकातलाच निष्कर्ष सांगितला, काका. मूठभरांची तक्रार. पास तर व्हायचंय."

"ठीक केलंस," तो म्हणाला.

"ठीक वाटत नाही पण."

"नाही वाटणार. तरी ठीक केलंस."

फोन ठेवल्यावर मेहुणीने विचारलं, "काय लिहिलं त्याने?"

"पुस्तकातलं."

"मग एवढा उपद्व्याप कशाला केलात दोघांनी?"

त्याने उठून चहाचं आधण ठेवलं.

पुढे संस्थेच्या व्यवस्थापिकेचा फोन आला. बोलणं गोड होतं. त्या म्हणाल्या की धडा अर्धा आहे, आणखीही काही जण वाट बघतायत, त्यांना पुढच्या परीक्षेला बसायचंय. शेवटची पानं दुसरं कुणी वाचून देईल, आवाज बदलला तर बदलला. आणि मधे पुस्तकाबाहेरचा एक भाग राहून गेलाय असं ऑपरेटरकडून कळलं, तो तेवढा काढून द्यावा, नियम तुम्हाला माहीतच आहे.

"नियम माहीत आहे," तो म्हणाला.

"मग केव्हा देता?"

"बघतो."

"तुम्हीच वाचता का शेवटची पानं?" त्यांनी विचारलं. "ऑपरेटर म्हणत होते, तुम्हाला आता येतं वाचता."

"तो काहीही म्हणतो," हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कोठी झाडून घेतली. पुस्तक आत नेऊन ठेवलं, माइक लावून बघितला, घसा साफ केला. पहिलं वाक्य वाचलं, मग दुसरं. तिसऱ्या वाक्याला त्याला पुस्तकाचं म्हणणं पटेना. तो बाहेर आला आणि मशीन बंद केलं.

त्या धड्याची शेवटची पानं अजून रेकॉर्ड झालेली नाहीत. मधला तो भाग फाइलमध्ये तसाच आहे. तो ठेवायचा की कापायचा, हे त्याचं अजून ठरलेलं नाही.